दहा बाय पंधरात मावलेलं शिक्षण

"मंजुश्रीचं शिक्षण मला तोंडपाठ हाय. फ्लेक्सवर एक ओळ चुकली तर मी मुरुडमधी गणित शिकवलंच न्हाई म्हणा," असं चंद्रप्पा सरांनी सत्कार समितीला ठणकावून सांगितलं. समितीनं लगेच फ्लेक्सचं काम त्यांच्या गळ्यात घातलं, कारण मंजुश्री नेमकं काय शिकली आहे हे समितीत दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

मंजुश्री ही किराणा दुकानवाल्या राजशेखरांची मुलगी. दहावी मुरुडला, बारावी लातूरला, इंजिनिअरिंग नांदेडला, एम.टेक. हैदराबादला, पीएच.डी. थेट जर्मनीत. आता ती बंगळुरूच्या एका संस्थेत कृत्रिम बुद्धिमत्तेवर संशोधन करत होती. मोबाइलला पुण्याची मराठी कळायची, पण "लई दमलो, येऊन राहिलो" म्हटलं की तो गांगरायचा. आता गांगरत नाही, ते मंजुश्रीमुळं. हे सगळं सरांनी सुवाच्य अक्षरात सहा ओळींत लिहून काढलं.

एवढ्या तळमळीला कारण होतं. आठवीत मंजुश्री सहामाहीला गणितात नापास झाली, तेव्हा सरांनीच दुकानात जाऊन राजशेखरांना सांगितलं होतं, "गणित हिचं काम न्हाई." पोरगी मागं डाळ निवडत बसली होती. तिनं ऐकलं की नाही, हे सरांना वीस वर्षं कळलेलं नव्हतं. रविवारी सगळ्या गावादेखत, सहा ओळींत, ती चूक फेडायची असा त्यांचा बेत होता.

फ्लेक्सवाला हनुमंत सरांचाच जुना विद्यार्थी. त्यानं कागद वाचून विचारलं, शुभेच्छुक कोण. सर म्हणाले, शुभेच्छुक कशाला?

"सर, फोटोंच्या रांगेबिगर एकट्याच माणसाचा फ्लेक्स लावला, की लोक गेल्यालं समजून चपला काढतेत."

सरांनी नाइलाजानं सरपंचांच्या एका फोटोला परवानगी दिली आणि ते शाल आणि स्मृतिचिन्ह आणायला लातूरला बहिणीकडं मुक्कामाला गेले. सरपंचांचा फोटो लागतोय हे कळताच माजी सरपंच आले. दोघांचे लागल्यावर सोसायटीचे चेअरमन कसे मागं राहतील? त्यांनी दोन्ही मुलांचेही आणले, युवा नेतृत्व म्हणून. मग भजनी मंडळ आलं, आणि लावायचे तर सगळ्यांचेच म्हणत ते फुटायला तयार नव्हतं. फोटोंची जागा खाली, पण एक रांग भरली की हनुमंत तिच्यावर दुसरी सुरू करायचा. नांदेडला गोदावरी घाटाच्या पायऱ्या चढते तसे फोटो एकेक ओळ गिळत वर चढत होते. लातूरहून सरांनी तीनदा फोन करून विचारलं, सगळं बसतंय ना?

"बसवून राहिलो, सर," हनुमंत म्हणाला. तो फोटोंबद्दल बोलत होता.

रविवारी सकाळी सर एसटीतून उतरले आणि चौकातच थबकले. दहा बाय पंधरा फुटांच्या फ्लेक्सवर सत्तावीस चेहरे, त्यातले अकरा कानाला मोबाइल लावलेले. वर कोपऱ्यात तिकिटाएवढी मंजुश्री, आणि तिच्याशेजारी पुरातून वाचलेली एकुलती एक ओळ, म्हणजे सगळ्यात वरची: दहावी उत्तीर्ण, मुरुड. ओळ बोडकी दिसू नये म्हणून हनुमंतानं पुढं "झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन" जोडलं होतं.

"हनुमंता, बाकीचं शिक्षण कुठाय?"

"सर, शिक्षण कापलं तर कुणी भांडायला येत न्हाई. फोटो कापला की येतेत."

खाली पंक्चरवाला किशन मान वर करून उभा होता. "ह्या वयात दहावी काढली बाईनं. मानलं," तो सरांना म्हणाला. "मी गणितात गेलो ते परत फॉर्मच भरला न्हाई."

तेवढ्यात गाडी आली. मंजुश्री उतरली, फ्लेक्स वरून खालपर्यंत वाचला, शुभेच्छुकांसकट. चूक माझी हाय, एवढंच ते कसंबसं बोलले. ती हसली आणि स्टेजवर गेली.

"फ्लेक्स बरोबर हाय," ती माइकवर म्हणाली. "लातूर, नांदेड, हैदराबाद, जर्मनी, कुठंच दहावीएवढं अवघड गेलं न्हाई. गणित हिचं काम न्हाई, असं मी डाळ निवडताना ऐकलं. त्या रागावर दोन वर्षं दुकानातल्या पुड्यांच्या कागदावर गणितं सोडवली. सर गूळ घेऊन जायचे, आन् पुडीवरलं चुकलेलं गणित लाल शाईनं दुरुस्त करून दुसऱ्या दिवशी कागद गुपचूप गल्ल्याजवळ ठेवायचे. तसं शिकवणारं मला जर्मनीत बी कुणी भेटलं न्हाई."

सर बराच वेळ चष्मा पुसत बसले.

त्या जूनमध्ये किशननं दहावीचा फॉर्म भरला. सरांनी वर्षभर त्याच्याच दुकानात, ट्यूबांच्या ढिगाशेजारी बसून त्याला गणित शिकवलं. किशन पास झाला. सरांनी हनुमंताला फ्लेक्स सांगितला, एकाच ओळीचा. हनुमंतानं मंजुश्रीची पहिली, शुभेच्छुकांच्या आधीची फाइल उघडून नाव आणि फोटो तेवढा बदलला. किशनला शुभेच्छुक कुणीच नव्हते, त्यामुळं जागा भरपूर होती आणि काहीच कापावं लागलं नाही.

सहाच्या सहा ओळी चौकात लागल्या. परवा निलंग्याच्या एका कॉलेजनं किशनला कृत्रिम बुद्धिमत्तेवर व्याख्यानाला बोलावलं आहे. किशननं येतो म्हणून कळवलं आहे.