मृणालताईंचा फ्लामेंको

आमच्या वरच्या मजल्यावरच्या मृणालताई कुणी जेवायला बोलावलं तरी लाकडी फळी घेऊन जातात. टाइल्सवर पाय बोलत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. इथे आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीतली मराठी घरं आता सरावलीत. आधी फळीला जागा करतात, मग पाहुण्यांना.

ताई मूळच्या पुण्याच्या, कथक शिकलेल्या. स्पेनला फिरायला म्हणून गेल्या आणि टाचा आपटत नाचायचा फ्लामेंको घेऊन परतल्या. शनिवारी त्यांच्या हॉलमध्ये क्लास असतो. आधी फळीला नमस्कार, मग स्पेनमधल्या गुरूबाईंची गोष्ट, मग नाच. गोष्ट दर वेळी बदलते. माझ्या मुलीने एकदा पकडलंच, "आंटी, लास्ट वीक शी हॅड अ बेकरी."

"हबीबी, माणसाने जन्मभर एकच धंदा करायचा का? यल्ला, उभी राहा."

मला त्यांच्या थापा फार आवडतात. खऱ्या असत्या तर इतक्या आवडल्या नसत्या.

गेल्या वर्षी त्यांचे यजमान, जयंतराव, अचानक गेले. क्लास चालू राहिला, पण ताईंनी स्टेज सोडलं. यंदा मंडळाच्या गणेशोत्सवात नाचायला कशाबशा तयार झाल्या. त्यांना हे झेपेल ना, या काळजीने दिवसभर मीच हवालदिल.

नाच ऐन रंगात आला आणि ताई थबकल्या. हात वर, मान ताठ, गिटारचं रेकॉर्डिंगही गप्प. आमच्या लोकांना वाटलं, संपलं. टाळ्या झाल्या, बटाटेवड्यांपुढे रांग लागली, अध्यक्ष शाल-श्रीफळ घेऊन स्टेजवर चढले. इतक्यात गिटार पुन्हा सुरू झाली. ताईंनी नारळ त्यांच्याच हातात ठेवला, शाल ओढून घेतली, गर्रकन फिरवली आणि उरलेला नाच शालीसकट पूर्ण केला. अध्यक्ष तोवर नारळ धरून बाजूला उभे होते.

दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन वर गेले. मध्ये एवढी शांतता कशाला, रेकॉर्डिंग कापून घ्या ना, असं सुचवलं.

ताई शालीची घडी घालत होत्या. "तिथे यांच्या टाळ्या असायच्या गं," त्या म्हणाल्या. "ऑफिसमधून थकून आले तरी प्रॅक्टिस करायचे. तेवढा भाग मी नुसत्या त्यांच्या टाळ्यांवर नाचायचे. तो कापला की मग खलासच."

मी कप खाली ठेवला आणि जमेल तशा टाळ्या वाजवायला लागले. ताई उठल्या, पदर खोचला, टाच टेकवली.

"चुकतेयस," त्या म्हणाल्या. "पण थांबू नकोस."