अनोळखी असल्याचा दाखला

नझीहाने सफाक्स शहराजवळच्या आपल्याच गावातल्या, ऑलिव्ह तोडणाऱ्या बायकांच्या गाण्यांवर मानववंशशास्त्रात पीएच.डी. करायचं ठरवलं. विद्यापीठाची एकच हरकत होती : ती या बायकांना ओळखत होती.

"ओळखीने शास्त्र नासतं," मार्गदर्शक डॉ. लस्साद म्हणाले. "गावात तुला कोणी ओळखत नाही, असा गावप्रमुखाचा दाखला आण. शुक्रवारपर्यंत. नाहीतर चार वर्षांची नोंदणी रद्द."

गावप्रमुख तिचे मामा.

"अगं, तुझं नाव मी ठेवलं! लिहू काय?"

"लिहा, ओळखत नाही."

मामांना खोटं लिहिणं जमेना आणि भाचीला नाही म्हणवेना.

जोडपत्र १. सदर अनोळखी बाई, माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी, मला अजिबात ठाऊक नाही. सही. शिक्का.

विद्यापीठाने मधल्या चार शब्दांवर आक्षेप घेतला आणि तीन सदस्यांची समिती धाडली. समितीने आधी मामांकडे कुसकुस खाल्लं, मग नझीहाच्या आईला, मब्रूकाला, अंगणात बोलावलं.

"या बाईंना ओळखता?"

"नाही."

"नक्की?"

"माझी असती तर इतकी रोडावू दिली असती का, साहेब?"

जोडपत्र २. उत्तर भावनाविरहित. नोंदणी कायम.

दुसऱ्या दिवशी नझीहा रेकॉर्डर घेऊन बागेत गेली. बोटांत बकऱ्याची शिंगं घालून बायका फांद्या ओरबाडत होत्या, गाणं रंगात होतं. ती दिसताच थांबलं.

"परक्या बाईपुढे आम्ही गात नाही," आई म्हणाली.

"आई, मी आहे!"

"समितीपुढे अंगठा दिलाय, बाई. आता मी तुला ओळखलं तर तुझंच शिक्षण जाईल. चहा घेणार?"

जोडपत्र ३. क्षेत्रकार्य, दिवस १ ते ३१२. शांतता. चहा. शांतता.

प्रबंध चारशे पानांचा झाला. त्यात एकही गाणं नाही. "इतकं अंतर आजवर कोणी राखलं नव्हतं," असं म्हणत परीक्षकांनी सर्वोच्च श्रेणी दिली. डॉ. लस्साद यांनी डोळे पुसले आणि ते पुसणं इतिवृत्तातून वगळायला सांगितलं.

पदवीदान समारंभात पालकांच्या रांगेत मब्रूका नव्हती. पालकांचे पास नातेवाइकांनाच मिळतात.

त्या बायका काय गात होत्या, हे तुम्हीही इथपर्यंत एकदाही विचारलं नाहीत. अभिनंदन. प्रवेशअर्ज खिडकी क्रमांक दोनवर मिळतील.