चूक फेकणाऱ्याची

गावंडेमास्तरांनी मला आयुष्यात एकही वस्तू हातात दिली नाही. जे काही दिलं, ते लांबून फेकलं.

पहिल्या भेटीत पेरू फेकला. मी पुण्याहून खामगावच्या नव्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायला आलो होतो आणि माझं सामान अजून बैलगाडीतच होतं. कुंपणापलीकडे खाकी अर्ध्या चड्डीतले एक उंच, सावळे गृहस्थ उभे होते. "प्रोफेसर, पेरू," एवढंच ते म्हणाले आणि पेरू माझ्या कोटाच्या तिसऱ्या गुंडीवर येऊन आदळला. तिथून तो धुळीत पडला. गृहस्थ कुंपण ओलांडून आले, पेरू उचलून चड्डीला पुसला आणि मला धीर देत म्हणाले, "सुटला तं चूक फेकनाऱ्याची. तुमची नाई." आता तरी हातात देतील म्हणून मी हात पुढे केला. ते परत कुंपणापाशी गेले आणि तिथून त्यांनी तो पुन्हा फेकला.

हे आमच्या कॉलेजचे बास्केटबॉलचे कोच. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, आणि जे काही मोठं, पक्कं आणि सरकारी असेल ते नागपूरला असायचं. आमच्याकडे कापूस होता. गावंडे मेहकरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. व्यायामाचं शिक्षण घ्यायला थेट मद्रासला गेले आणि येताना हा खेळ घेऊन आले. त्यांच्या वडिलांना शेवटपर्यंत वाटत होतं की पोरगा तिकडे काहीतरी टोपल्यांचा धंदा शिकून आला.

बास्केटची कडी त्यांनी रुईच्या गाठी बांधायच्या लोखंडी पट्टीची करवून घेतली. खांब बाभळीचे. मैदान मात्र काळ्या मातीचं, आणि काळ्या मातीपुढे कोणाचं चालतं? चेंडू आपटला की जेवण झालेल्या पाहुण्यासारखा तिथंच बसायचा. उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात चिखल. दुसरा कोणी असता तर हात टेकले असते. गावंड्यांनी चेंडू आपटणंच खेळातून काढून टाकलं. म्हणाले, भुई साथ देत नाही तर भुईला विचारायचंच काऊन? त्यांची पोरं चेंडू नुसता हवेतून खेळवायची, या हातातून त्या हातात.

त्यांचा दुसरा नियम याहून विचित्र होता: बोलल्याशिवाय फेकायचं नाही. ज्याच्याकडे चेंडू जाणार त्याचं नाव आधी घ्यायचं. कोणी मुक्यानं चेंडू फेकला की शिट्टी वाजायची आणि मास्तर त्या पोराला बाजूला घेऊन विचारायचे, "सांगतल्याबिगर कोनाच्या घरी जातोस का बे तू?"

खेळातलं मला आजही काही कळत नाही; पण संध्याकाळी ओसरीवर आरामखुर्ची टाकून मी तो खेळ ऐकायचो. हंगामात सरकी काढायच्या जिनांमधून उडालेला कापूस हवेत तरंगत असायचा. तो मैदानावर, पोरांच्या केसांवर, माझ्या चहावर अलगद उतरायचा. उन्हं पिवळी व्हायची, त्या पांढऱ्या धुक्यातून चेंडू खाली न येता फिरत राहायचा, आणि हाका यायच्या: बबन... रहीम... शंकर... रहीम. डोळा लागायचा माझा. जागा व्हायचो तेव्हा अंधारून आलेलं असायचं आणि हाका चालूच असायच्या. आता चेंडू कोणाला दिसत नसणार, तरी एकही सुटल्याचा आवाज येत नसे.

हीच कसरत मास्तरांच्या घरीही चालायची. आमच्या दोन घरांमधलं कुंपण कमरेएवढं, त्यामुळे त्यांचं स्वयंपाकघर मला आयतंच दिसायचं. मास्तर विहिरीपाशी उभे राहून "लिंबू" म्हणायचे आणि लिंबू निघायचं. "कांदा." कांदा निघायचा. एकदा पितळीसुद्धा निघालेली मी पाहिली आहे. चुलीशी बसलेल्या त्यांच्या बायकोनं मान न वळवता नुसता हात वर करावा आणि वस्तू त्यात येऊन बसावी. तिचं नाव काय ते आम्हांला ठाऊक नव्हतं. त्या काळी नवरे बायकोचं नाव लग्नात एकदा घेत, ते जन्मभर पुरवत. मास्तर वस्तूचं नाव घेऊन भागवत होते. माझी बायको म्हणायची की जिल्ह्यातला सगळ्यात चांगला खेळाडू त्या चुलीशी बसलाय. वर मला बजावायची, की तुम्ही असलं काही करायला जाऊ नका.

पुढेपुढे मास्तर विहिरीऐवजी ओसरीवरून फेकू लागले. मग उंबऱ्यातून. खांदा दुखत असेल, असं मी धरून चाललो. तर्कशास्त्राचा माणूस, निष्कर्ष काढायला मला वेळ लागत नाही.

नागपूरच्या स्पर्धेत आमच्या पोरांच्या हाका ऐकून समोरचे पहिल्या वर्षी पोट धरून हसले. चेंडू कोणाकडे जाणार हे शत्रूला ओरडून सांगणारा संघ त्यांनी पाहिला नव्हता. तिसऱ्या वर्षी आम्ही अंतिम सामना जिंकलो, तेव्हा हसणं थांबलं आणि तिथल्या एका मोठ्या कॉलेजानं गावंड्यांना बोलावणं धाडलं. सिमेंटचं मैदान, राहायला बंगली, पगार जवळजवळ दुप्पट. अशी संधी वऱ्हाडातल्या मास्तराला दुसऱ्यांदा येत नाही. गावंड्यांनी नाही म्हणून कळवलं. कारण विचारलं तर म्हणाले, "तिथं चेंडू लय उसळते, प्रोफेसर."

गावानं डोक्याला हात लावला. त्या कॉलेजचे प्राचार्य माझ्या ओळखीचे. त्यांनी निरोप पाठवला की तुम्ही शेजारी आहात, दोन गोष्टी समजावून सांगा, उद्यापर्यंत जागा राखून ठेवतो. मी मनात पाच मुद्दे क्रमानं मांडले आणि संध्याकाळी मागच्या दारानं त्यांच्याकडे गेलो.

मास्तर मैदानावरून यायचे होते. वहिनी चुलीशी होत्या. मी दारात, त्यांच्या अगदी समोर उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोन हाये?"

मी नाव सांगितलं. त्या ओशाळून हसल्या. त्यांनी हात लांबवला तो नेमका पाटावर, पाट माझ्याकडे सरकवला. मग मिठाच्या बरणीवर, मग तांब्यावर. हात कुठंही चाचपडला नाही.

"पाच वर्सं झाले," त्या म्हणाल्या. "आता नुसता उजेड समजते. या घरातलं सारं मले पाठ हाये, भाऊजी. दुसऱ्या घरी गेली तं मी भिंतीले धरून चालीन." तांब्या माझ्यापुढे ठेवत म्हणाल्या, "म्याच सांगतलं ह्यायले, मले हातात देऊ नका. हातात देऊन राह्यले का समजा मी आंधळी झाली. फेकतेत तवरी मी या घरची बाई हाये."

माझे पाचही मुद्दे मी तिथंच गिळले.

एवढ्यात मास्तर आले. डोक्यावर कापूस, काखेत चेंडू. मला पाहून मान हलवली, कोनाड्यातलं लिंबू घेतलं आणि उंबऱ्यातून म्हणाले, "लिंबू."

वहिनींनी हात वर केला. लिंबू बोटांना लागलं आणि निसटलं. ते घरंगळत माझ्या पायाशी आलं. वहिनींचा हात तसाच उघडा राहिला होता. त्या चेहऱ्याकडे मला पाहवेना.

"चूक माही," मास्तर म्हणाले. "फेकनाऱ्याची."

त्यांनी लिंबू उचललं, चड्डीला पुसलं आणि उंबऱ्याकडे परत गेले नाहीत. चुलीपाशी जाऊन तिच्यासमोर उकिडवे बसले. दोघांच्या हातांत वीतभर अंतर होतं. आता देतील हातात, मला वाटलं.

या खेपेला त्यांनी लिंबाचं नाव घेतलं नाही.

"सुभद्रा," ते म्हणाले, मैदानावर पोरांना मारावी तशी स्वच्छ हाक, फक्त हळू. आणि तेवढ्या वीतभरातून त्यांनी ते लिंबू फेकलं. वहिनींनी ते झेललं.