विषय क्रमांक चार : राजीनामा

कोणत्याही सुव्यवस्थित राज्यकारभारात निर्णयापेक्षा निर्णयाचे इतिवृत्त अधिक महत्त्वाचे असते. निर्णय माणसांच्या तोंडी असतो, तो घरी जाईपर्यंत बदलतो. इतिवृत्त तीन प्रतींत असते, आणि तीन प्रतींत लिहिलेले खोटे ठरवायला निदान तीन माणसे एका मताची लागतात. हे तत्त्व किला गेट लोकल बोर्डाचे हेडक्लार्क गोपाळकृष्णराव यांच्याइतके दुसऱ्या कोणाला उमगले असेल असे वाटत नाही. म्हणून त्यांच्या हातून जे घडले, ते नोंदवून ठेवणे अगत्याचे आहे.

बोर्ड लहान होते. सभासद सात, हद्द किल्ल्याच्या दरवाजापासून उताराच्या तळाशी असलेल्या विहिरीपर्यंत, आणि कार्यालय म्हणजे एक खोली (खिडक्या दोन, उघडणारी एक). १९४८ साली ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि १९५६ साली मध्य भारत मध्य प्रदेशात. या दोन्ही उलथापालथींनी बोर्डाच्या कामात तसूभर फरक पडला नाही. फरक पडायला आधी काम असावे लागते, असे विरोधक म्हणत. विरोधकही बोर्डातच होते.

जानेवारी १९४९ ते डिसेंबर १९५६ या आठ वर्षांत बोर्डाच्या शहाण्णव बैठका बोलावल्या गेल्या. त्यांपैकी एकाहत्तर कोरमअभावी तहकूब झाल्या. (तिघे हजर असले की कोरम होत असे, त्यामुळे तिसरा येताना दिसला की पहिल्या दोघांपैकी एकाला घरचे काम आठवे.) एकोणीस बैठका दुखवट्याच्या ठरावांत गेल्या, चार विलीनीकरणाबद्दल शासनाचे अभिनंदन करण्यात. विलीनीकरणे दोनच झाली, पण बोर्डाने अभिनंदनात कसर ठेवली नाही. उरलेल्या दोन बैठकांत दोन निर्णय झाले : एक, दारावरची पाटी नव्या राज्याच्या नावाने रंगवून घ्यावी; आणि दोन, राज्याचे नाव पक्के होईपर्यंत रंगवू नये. मधल्या काळात रंगाऱ्याने ‘मध्य’ एवढे लिहून हात आखडता घेतला होता. पुढे ‘भारत’ जाऊन ‘प्रदेश’ आला तेव्हा तो ‘मध्य’ जसाच्या तसा कामी आला. एवढी दूरदृष्टी बोर्डातल्या कोणापाशी नव्हती, हे कबूल केले पाहिजे.

या शहाण्णवही बैठकांच्या कार्यपत्रिकेवर विषय क्रमांक चार एकच होता : किला गेट येथे सार्वजनिक नळ बसवणे.

गोपाळकृष्णरावांना हा विषय दोन ठिकाणी ऐकावा लागे. बोर्डात महिन्यातून एकदा, आणि घरी रोज. त्यांचे बिऱ्हाड चढावर होते आणि विहीर तळाशी. त्यांच्या पत्नी अनसूयाबाई दिवसातून चार खेपा करीत. विहीर ते उंबरा दोनशे चौदा पावले होती. हा आकडा बोर्डाच्या दप्तरात नाही, अनसूयाबाईंच्या गुडघ्यांत आहे.

“काय झाले आज नळाचे?” घागर खाली ठेवता ठेवता त्या विचारीत.

“पुढच्या बैठकीत नक्की.”

“तुम्ही मागच्या वेळी पण हेच म्हणाले होते.”

“मग त्यात फरक कुठे आहे? इतिवृत्तातही हेच आहे.”

 अनसूयाबाई दुसरी घागर घेऊन उतार उतरू लागत. गोपाळकृष्णरावांना त्या पाठमोऱ्या दिसल्या की मनातून फार लाज वाटे. लाज वाटली की ते वह्यांच्या समासाच्या रेघा आखायला घेत.

नळ अडला होता तो पाण्यावाचून नव्हे. अध्यक्ष जगदेवराव यांचे पणजोबा दक्खनेतून फौजेबरोबर आले होते, आणि पणजोबांनी जिंकलेल्या मुलखात नळ आपल्या दारासमोर असावा असे जगदेवरावांना वाटे. उपाध्यक्ष सेठ गेंदालाल यांचे किराण्याचे दुकान होते, आणि पाण्याला येणाऱ्या बायका मीठमिरची घेतल्याशिवाय परत जात नाहीत हे त्यांना पुरते ठाऊक होते. तिघे एकीकडे, तिघे दुसरीकडे. सातवे सभासद ऐकायला कमी येत असल्यामुळे तटस्थ होते.

जानेवारी १९५७ मध्ये मात्र एक कुणकुण लागली. नव्या राज्यात ठराव न करणारी बोर्डे बरखास्त होणार म्हणे. सत्त्याण्णवाव्या बैठकीला सातही सभासद वेळेवर हजर झाले. ते पाहून शिपायाला वाटले कोणी तरी गेले, आणि तो हारासाठी पैसे मागायला आला. पावणेदोन तासांत तडजोड निघाली : नळ दोन्ही घरांच्या बरोबर मध्ये, लिंबाखाली बसवावा, तोंड जगदेवरावांच्या बाजूला, चावी सेठजींच्या बाजूला. सातही हात वर गेले. गोपाळकृष्णरावांच्या डोळ्यांत चक्क पाणी आले. आठ वर्षांत नळाच्या संदर्भात दिसलेले हे पहिलेच पाणी.

आता आला प्रश्न इतिवृत्ताचा. कारभार हिंदीत करावा असा हुकूम १९४८ सालीच आला होता. बोर्डाने तो विचारार्थ घेतला आणि आठ वर्षे विचार केला. तोवर गोपाळकृष्णराव मराठीत लिहीत आणि सेठजी हिंदीत सही करीत, दोघांचेही बरे चालले होते. नव्या राज्याने मात्र भोपाळहून कळवले की इतिवृत्त हिंदीत आणि तीन प्रतींतच पाहिजे.

बोलायची हिंदी गोपाळकृष्णरावांना चांगली येई. टांगेवाल्याशी, भाजीवालीशी, गायीशीसुद्धा ते हिंदीत बोलत. लिहायच्या हिंदीची गोष्ट निराळी. ‘एकमत’ हा शब्द हिंदीतही चालतो असे त्यांनी ऐकले होते, पण जो शब्द आपल्याला आधीच येतो तो हिंदी कसा असेल, असा त्यांना संशय आला. (हा संशय ग्वाल्हेरच्या समस्त मराठी मंडळींना आहे. आम्ही शंभर वर्षे ज्या भाषेत भांडलो, तिच्यात अर्ज लिहायची वेळ आली की शब्दकोश मागतो.) त्यांनी सेठजींना विचारले.

“सेठजी, सगळ्यांचे जमले, भांडण मिटले, याला कचेरीच्या हिंदीत काय म्हणतात?”

सेठजींचा चुलतभावाशी गोदामावरून चाललेला दावा गेल्याच आठवड्यात मिटला होता. “इसमें क्या है पंडितजी? राजीनामा लिखो.”

गोपाळकृष्णराव दचकले. “राजीनामा? अहो, तो तर नोकरी सोडण्याचा…”

“वो इस्तीफा होता है. दोनों राजी, तो राजीनामा. कचहरी में हमारा यही लिखा गया.”

गोपाळकृष्णरावांना पटले. पटले काय, आवडले! इतका भारदस्त आणि तरीही आपल्याला न कळलेला, म्हणजे नक्की हिंदी. त्यांनी तीन प्रतींत, वळणदार अक्षरात लिहिले :

‘विषय क्रमांक चार : किला गेट का सार्वजनिक नल. आठ वर्षों की तकरार के पश्चात् आज सभी सात सदस्यों का राजीनामा हुआ. अध्यक्ष महोदय ने सहर्ष स्वीकार किया. तत्काल अमल हो.’

भोपाळच्या एका कचेरीत (तिचे नाव घेण्याचे कारण नाही, सगळ्याच कचेऱ्या कोणाच्या तरी आहेत) हा कागद अधीक्षक रघुनाथराव यांच्या टेबलावर आला. रघुनाथराव नागपूरचे. राज्याची फेरमांडणी झाली तेव्हा कपाटे, पंखे आणि रघुनाथराव अशी नागपूरहून भोपाळला बदली झाली होती. लिहायच्या हिंदीबद्दल त्यांचेही मत गोपाळकृष्णरावांसारखेच होते. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला. नळ देता आला नाही, लोकांच्या आठ वर्षे तक्रारी, म्हणून सातच्या सात सभासदांचा राजीनामा! आणि अध्यक्षाने तो सहर्ष स्वीकारला! अशी माणसे अजून या देशात आहेत, हे पाहून रघुनाथरावांना गहिवरून आले. त्यांनी तत्काळ अंमल केला. सात राजीनामे मंजूर, बोर्ड बरखास्त, बोर्डापुढील सर्व विषय रद्दबातल. शिवाय बाकीच्या बोर्डांनी आदर्श घ्यावा म्हणून एक परिपत्रक काढले. ते वाचून तीन बोर्डांचे अध्यक्ष आजारी पडले असे कळते.

भोपाळचे पत्र जगदेवरावांनी कार्यालयात उभे राहून मोठ्याने वाचले. “‘शासन आपके बोर्ड की चेष्टा की सराहना करता है.’ म्हणजे काय हो, गोपाळकृष्णराव? आपण चेष्टा केली, आणि ती त्यांना आवडली?”

“चेष्टा म्हणजे प्रयत्न, साहेब. हिंदीत.”

“आणि हे राजीनामा मंजूर?”

“तो… मराठीत.”

पहिला दिवस सर्वांनी गोपाळकृष्णरावांना बोल लावण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी परिपत्रकाची बातमी गावभर झाली. तिसऱ्या दिवशी टोपी बाजारातल्या व्यापाऱ्यांनी सातही जणांना हार घातले. एका नळासाठी खुर्ची सोडणारी माणसे बघायला दाना ओली मोहल्ल्यातून लोक आले. चौथ्या दिवशी गोपाळकृष्णराव दुरुस्तीचा अर्ज घेऊन सह्यांसाठी दारोदार गेले, तेव्हा कोणीही सही करीना.

“चूक झाली म्हणून लिहून देऊ?” जगदेवराव म्हणाले. “अहो, काल मला शाळेत बोलावले होते, त्यागावर बोलायला. मी पाऊण तास बोललो!”

सेठजींनी तर हात जोडले. “अब तो इसी पर हमारा राजीनामा है, पंडितजी.” हा राजीनामा कोणत्या भाषेतला, हे विचारायचा धीर गोपाळकृष्णरावांना झाला नाही.

घरी अनसूयाबाईंनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “म्हणजे नळ मंजूर झाला, आणि तुमच्या एका शब्दाने गेला.”

“हो.”

“मग तो परत आणा. जिथे गेला तिथून.”

गोपाळकृष्णराव भोपाळला गेले. रघुनाथरावांनी त्यांना बसायला सांगितले. दोघेही एकमेकांशी अर्धा तास अत्यंत शुद्ध हिंदी बोलले, आणि दोघांनाही अर्धी अर्धी कळली. अखेर रघुनाथरावांनी फाइल उघडली आणि बोटाला थुंकी लावून प्रती मोजू लागले : “एक, दोन, तीन…”

गोपाळकृष्णराव खुर्चीतून उठलेच. “दोन? तुम्ही मराठी आहात?”

“अरे बाप्पा! मग तुम्ही अर्धा तास काय करून राहिले होते?”

पुढचा तास गोत्र, मूळ गाव, आणि ग्वाल्हेरच्या कोणाची मुलगी नागपूरला दिली आहे, यात गेला. मग गोपाळकृष्णरावांनी राजीनाम्याचा खुलासा केला. रघुनाथरावांनी कपाळाला हात लावला.

“म्हणजे तुम्ही हिंदी लिहिलं, आणि मी मराठी वाचलं.”

“हो. सरळ मराठीत लिहिले असते तर…”

“तर मी ते हिंदी समजून वाचलं असतं,” रघुनाथराव म्हणाले. ते प्रामाणिक गृहस्थ होते.

त्यांनी नियमांचे पुस्तक काढले. मंजूर राजीनामा परत घ्यायचा तर तसा ठराव सभासदांनी करायला हवा. ठराव करायला ते सभासद असायला हवेत. आणि सभासद ते नव्हते. यात कोठेही फट नव्हती. मग रघुनाथरावांनाच एक युक्ती सुचली. त्यांनी गोपाळकृष्णरावांना बोर्डाचे प्रभारी नेमले आणि बोर्डाचे सर्व अधिकार त्यांच्या एकट्याच्या हाती दिले. “आता जा, अन् बहिणीचा नळ बसवून टाका,” ते म्हणाले. अनसूयाबाईंचे माहेर नागपूरकडचे निघाले होते.

गोपाळकृष्णराव परतले. त्यांनी रीतसर अठ्ठ्याण्णवावी बैठक बोलावली. नोटीस आठ दिवस आधी लावली, स्वतःला एक प्रत दिली, पोच घेतली. ठरल्या वेळी ते अध्यक्षांच्या खुर्चीत बसले. विषय क्रमांक चार समोर होता. लेखणी दौतीत बुडवलेली होती. एक सही, आणि दोनशे चौदा पावले संपली असती.

त्यांनी हजेरी घेतली. हजर : एक. कोरम : तीन.

त्यांचे आजोबा दरबारात मोडी लिहीत, वडील दप्तरात बाळबोध लिहीत. तीन पिढ्यांत कोणी कोरमवाचून ठराव लिहिला नव्हता.  आपण हे काय करतो आहोत हे त्यांना स्वच्छ दिसत होते, आणि तरीही हात पुढे होईना. तेवढ्यात दारात अनसूयाबाई आल्या, काखेत घागर, मागे शेजारच्या सुमनताई.

“किती कमी आहेत?”

“दोन.”

“मी आणि ह्या. झाले तीन. लिहा.”

“अगं, तुम्ही सभासद नाही.”

“तुम्ही तरी कुठे आहात?”

गोपाळकृष्णरावांनी बायकोकडे पाहिले. मग घागरीकडे पाहिले. मग मान खाली घालून त्यांनी तीन प्रतींत लिहिले : ‘प्रेक्षकांकडून एक सूचना आली. पुढील बैठकीत विचार व्हावा. कोरमअभावी तहकूब.’

अनसूयाबाई पायऱ्या उतरून विहिरीकडे गेल्या. गोपाळकृष्णराव समासाच्या रेघा आखू लागले.

वाचकांपैकी ज्यांना अधीक्षक रघुनाथरावांचे हसू आले असेल, त्यांनी कृपया वर जाऊन शीर्षक पुन्हा एकदा वाचावे. पहिल्यांदा वाचताना आपण मनातल्या मनात कोणाला तरी खुर्चीवरून उठवलेच असेल, आणि नळ बंद केला असेल. शीर्षक हिंदीत आहे.