मशीनवरचं पहिलं दार

सून एका दिवसासाठी माहेरी निघाली तेव्हाच मी ठरवलं, नमुन्याचं दार संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर आपणच कोरायचं. उभा जन्म रंधा-पटाशीत गेला. शाळेत फार टिकलो नाही, पण लाकूड मला वचकून असतं. (बायको नसते. तो विषय वेगळा.)

दार एका बाईंच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाचं. नमुना पसंत पडला तर बाकीची सगळी दारं आमच्याकडे, नाहीतर पलीकडच्या कारखान्यात.

सुनेनं वेलाची नक्षी संगणकात भरून ठेवली होती. जाताना म्हणाली, "बाबा, फळी आवळायची, बटण दाबायचं. मग हात लावायचा नाही."

"मग मी करायचं काय?"

"बघायचं."

कारागिरानं बघायचं. काय दिवस आले.

बटण दाबलं. मशीन वरून खाली वेल कोरू लागलं. बरं कोरत होतं. तेच मला सहन होईना. अर्ध्यावर मशीन थांबवलं, फळी सोडवून उचलली आणि एक डोळा मिटून तिची कड पाहिली. फळी सरळ आहे का, हे सुतार असंच बघतो. सरळ होती. (मीच निवडलेली.)

"अहो, हात लावू नका म्हणाली होती ना ती?" बायको दारातून म्हणाली.

"होती तिथंच ठेवतोय."

"कशावरून?"

"नजर आहे माझी."

"काल माझा चष्मा लावून पेपर वाचलात, तीच नजर ना?"

मी फळी परत आवळली. बटण दाबलं. फळी सरकल्याचं मशीनला काय ठाऊक? त्यानं आपलं काम चोख पुरं केलं. वरचा वेल एकीकडे, खालचा बोटभर बाजूला. भांडलेल्या भावांसारखे.

दुसरी फळी काढणार, तोच सून आणि त्या बाई बरोबरच आत आल्या. सुनेनं दार पाहिलं, मग मला. बोलली नाही. (शिकलेली आहे.)

मी घसा साफ केला. "बाई, मशीनचा काही भरवसा नसतो बघा. हाताच्या कामाला तोड नाही."

बाईंनी नक्षीवरून बोट फिरवलं. "हा वरचा भाग मशीनचा ना? सुरेख आहे. खालचा तुम्ही हातानं पुरा केलेला दिसतोय. लगेच कळतं."

मी तोंड उघडलं.

"सगळी दारं करा," बाई सुनेला म्हणाल्या, "पण अख्खी मशीनवर. असलं हातकाम नको."

मागं काहीतरी खुसखुसलं. मशीन तर बंद होतं. म्हणजे बायकोच.