म्बाह मार्दियोंची कोरडी आंघोळ

म्बाह मार्दियोंनी बत्तीस वर्षं रेल्वेच्या फाटकावर हात वर करून बसगाड्या थांबवल्या होत्या, उसाचे ट्रक थांबवले होते, आणि एकदा तर जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांची मोटार आठ मिनिटं उन्हात उभी करून ठेवली होती. तेच म्बाह, म्हणजे आजोबा, आता न्हाणीघराच्या दारात घामाघूम होऊन उभे होते, आणि त्यांची चार वर्षांची नात निंग्रुम दोन्ही हातांनी चौकट धरून किंचाळत होती.

"पाणी गार आहे! डोळ्यांत जातं! मला नको!"

"अगं, अजून मग्गा हौदात बुडवलासुद्धा नाही."

"बुडवू पण नका, म्बाह!"

म्बाहंची म्हातारी लेकीच्या बाळंतपणाला महिनाभर सेमारांगला गेलेली. सून रेत्नो शिवणकामाच्या कारखान्यातून सहाला परत यायची. निघताना म्हातारीनं विचारलं होतं, "पोरीच्या आंघोळीचं जमेल ना?" तेव्हा म्बाह नुसते हसले होते. आणि त्या गल्लीत आंघोळ म्हणजे काही साधी गोष्ट नव्हे. दुपारी चारच्या ठोक्याला घरोघरची पोरं न्हाऊन, तोंडाला पांढरीफेक पावडर फासून ओट्यावर मांडलेली असायची. येणारा-जाणारा खुशाली विचारत नसे, "झाली का आंघोळ?" एवढंच विचारायचा. ज्या घरचं पोर बिनपावडरीचं दिसलं, त्या घराचं नाक कापलं गेलं म्हणून समजा.

कुंपणावरून बू सुलास्त्रींचं डोकं वर आलं. गल्लीच्या प्रमुखांची ही बायको. प्रमुख नावाला, कारभार हिचा.

"काय हो म्बाह, मारताय की काय पोरीला?"

"छे छे! आंघोळ चाललीय आमची!" म्बाह ओरडले, आणि पुरावा म्हणून त्यांनी एक मग्गाभर पाणी दाणकन फरशीवर ओतलं.

निंग्रुम गप्प झाली. पाणी पडलं, पण आपल्यावर नाही, हे तिला फारच आवडलं. म्बाहंनी दुसरा मग्गा ओतला. ती खुदकन हसली. वीस मग्ग्यांनंतर फरशी लखलखीत आणि पोरगी ठणठणीत कोरडी होती. म्बाहंनी तिच्या तोंडावर पावडरीचा थर चढवला, केस तेल लावून चापून बसवले आणि तिला ओट्यावर नेऊन बसवलं.

"कुणाला सांगायचं नाही हं."

"नाही सांगणार. उद्या पण अशीच आंघोळ करायची?"

झाकली मूठ सव्वा लाखाची! पण म्बाहंना मूठ झाकून ठेवता येईना. संध्याकाळी रेत्नो आली, पावडर बघून तिचे डोळेच भरून आले. "बापाक! मला दोन वर्षांत जमलं नाही हो! कसं केलंत?"

इथंच खरं सांगून मोकळं व्हायचं. पण म्बाहंच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. "सगळी गंमत आवाजात असते, सूनबाई," ते म्हणाले. "ठाम आवाज. फाटकावर काय, न्हाणीघरात काय, एकच."

हा ठाम आवाज चार दिवसांत गल्लीभर झाला. पाचव्या दिवशी बू सुलास्त्री दारात हजर.

"म्बाह, आपल्या गल्लीत आणखी सात पोरं पाण्याला भितात. आयांनी हात टेकले. शुक्रवारी सकाळी मुलांची वजनं करायला सगळ्या जणी विहिरीपाशी जमणारच आहेत. तिथं तुम्ही निंग्रुमला न्हाऊन दाखवायचं."

"सगळ्यांसमोर?"

"त्याशिवाय का शिकणार त्या? मी सांगूनसुद्धा आले सगळीकडे."

त्या दोन दिवसांत म्बाहंनी नातीला तांदळाच्या वड्यांचं आमिष दाखवलं, हात जोडले, शेवटी डोळे वटारले. तिनं वड्या खाल्ल्या आणि चौकट धरली.

शुक्रवारी विहिरीपाशी ही गर्दी! सात पोरं रांगेत, त्यांच्या आया मागे, वजनकाटा बाजूला. म्बाह फाटकावरची जुनी टोपी घालून, गळ्यात शिट्टी अडकवून आले होते. मध्ये पाण्यानं भरलेला टप होता. निंग्रुम तिच्या पिवळ्या फ्रॉकमध्ये टपापासून दहा पावलांवर उभी होती.

म्बाहंनी शिट्टी फुंकली. हात वर केला. ठाम आवाजात म्हणाले, "निंग्रुम! चल!"

निंग्रुम जागची हलली नाही.

"रोज अशीच येते का हो?" मागून कुणीतरी विचारलं. दोघी-तिघी फिसकन हसल्या.

म्बाहंचे कान लाल झाले. बत्तीस वर्षांत फाटक एकदाही उशिरा पडलं नव्हतं, शब्द एकदाही खोटा पडला नव्हता, आणि आज एका पावडरीच्या डब्यापायी म्हातारपणी तोंडघशी पडायची वेळ आली होती. त्यांनी टोपी काढली. "बू सुलास्त्री, बायांनो, खरं सांगायचं तर..."

निंग्रुमनं म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिला सगळं कळलं असेल असं नाही, पण आपले म्बाह रडवेले झालेत, हे कळलं.

"म्बाह, विसरलात वाटतं?" ती मोठ्यानं म्हणाली. "आधी तुमची आंघोळ, मग माझी. रोज तसंच असतं ना? खाली बसा!"

म्बाह मुकाट्यानं उकिडवे बसले. ती टपापाशी आली, मग्गा बुडवला आणि म्बाहंच्या टकलावर रिकामा केला. विहिरीचं गार पाणी पाठीवरून उतरलं तशी म्बाहंची शिट्टी आपोआप वाजली.

"डोळे मिटा. रडायचं नाही. आता संपलंच," निंग्रुम ठाम आवाजात म्हणाली. सहा दिवस फरशीवर पाणी ओतताना कुंपणापलीकडे ऐकू जावं म्हणून म्बाह जे जे म्हणाले होते, ते तिनं शब्दन् शब्द लक्षात ठेवलं होतं. मग तिनं दुसरा मग्गा भरला, डोळे घट्ट मिटले, ओठ आवळले आणि तो फ्रॉकसकट स्वतःच्या डोक्यावर ओतला.

ती थरथरली. पण रडली नाही. निथळत्या केसांतून तिनं म्बाहंकडे पाहिलं. "बघा. भिजले."

म्बाहंना ऊर फुटेल असं झालं. उभ्या जन्मात त्यांना कशाचा इतका अभिमान वाटला नव्हता, साहेबांची मोटार अडवली त्याचासुद्धा नाही. आपली लाज राखायला हे एवढंसं पोर पाण्याला सामोरं गेलं! डोळ्यांतलं पाणी विहिरीच्या पाण्यात खपून गेलं, हे एक बरं झालं.

"कळली हं युक्ती!" बू सुलास्त्री टाळ्या वाजवत म्हणाल्या. "आधी म्बाहंची, मग पोरांची!"

सातही पोरं मग्ग्यासाठी धावली. प्रत्येकानं आधी म्बाहंना न्हाऊ घातलं, मगच स्वतःवर पाणी घेतलं. एकानं तर दोनदा, कारण पहिल्यांदा म्बाहंनी डोळे मिटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी चारला सात पोरं सात मग्गे घेऊन दारात उभी. आत म्बाह मार्दियो सडकून सर्दी झालेल्या नाकानं, न्हाणीघराची चौकट दोन्ही हातांनी धरून उभे होते.

"आज नको गं. पाणी गार आहे."

निंग्रुमनं त्यांना आत ओढलं, दार लावलं आणि त्यांच्या कानाशी लागली. "आवाज मी करते. तुम्ही नुसती पावडर लावून घ्या. कुणाला सांगायचं नाही हं."

"झाली का आंघोळ, म्बाह?" कुंपणावरून बू सुलास्त्रींनी हाक दिली.

"चाललीय!" आतून निंग्रुम ओरडली आणि तिनं विसावा मग्गा दाणकन फरशीवर ओतला. म्बाह पांढऱ्याफेक तोंडानं कोपऱ्यात कोरडे बसून नातीकडे कौतुकानं बघत होते. ओतता ओतता ती नखशिखांत भिजली होती, आणि तिचं तिकडे लक्षच नव्हतं.