न्हाणीघरातील फटींच्या स्वारीची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. ऐकणाराचे कान शाबूत राहोत, वाचणाराची पाठ न दुखो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, आश्विन वद्य पक्षी जे वर्तमान जाहले ते जैसे पाहिले तैसे लिहितो, पदरचे मीठ घालीत नाही. राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. राज्य तिसऱ्या मजल्यावर, पूर्वेस लिफ्ट, पश्चिमेस शेजाऱ्यांची बाल्कनी, मध्ये दोन खोल्या, एक दिवाणखाना आणि एक न्हाणीघर. धनी मनोहरपंत, भूमापन खात्यातून निवृत्त होऊन सात वर्षे जाहलेले, आणि त्यांचे कुटुंब कुमुदिनीबाई, ज्यांचे हुकमावाचून या राज्यात कुकरची शिट्टी होत नसे. कन्या ऋजुता हिचे लग्न गेल्या माघात जाहले, सबब या साली जावयाचा पहिला दिवाळसण. जावई धनत्रयोदशीस येणार आणि चतुर्दशीचे पहाटे तेल उटणे लावून याच न्हाणीघरात अभ्यंगस्नान करणार, ऐसे ठरले. आता यात अडचण ती कोणती, म्हणाल तर सांगतो. भाद्रपदात बाईंचा डावा गुडघा काढून नवा बसविला होता आणि डॉक्टरांनी सक्त ताकीद दिली होती, "जमिनीवर बसायचं नाही, उकिडवं तर मुळीच नाही. पडलात तर सगळं पहिल्यापासून, आणि मग वॉकर सुटेल याची हमी मी देणार नाही."

मग वद्य अष्टमीस कुमुदिनीबाई वॉकर टेकीत टेकीत न्हाणीघराचे दारी गेल्या आणि शॉवरखालचा कोपरा पाहून तेथेच थबकल्या. फरशा पांढऱ्या, परंतु दोन फरशांमधील फटी काळ्याठिक्कर. बोअरचे पाण्याचा क्षार, साबणाचे मेण, पंतांचे डोक्याचे तेल, सर्वांनी मिळोन तेथे ठाणे दिले होते आणि वर बुरशी निशाण रोवून बसली होती. कामास येणारी शेवंताबाई दिवाळीकरिता गावी गेलेली. तेव्हा बाई बोलिल्या, "अहो, हे असं जावयाला दाखवायचं? त्यापेक्षा मीच बसते पाट घेऊन, तासाभराचं तर काम." या बाई बोलिल्या म्हणजे करितात, हे एकेचाळीस वर्षांचे अनुभवाने पंतांस ठाऊक. पाटावर बसल्या तर उठणार कैशा, आणि ओल्या फरशीवर घसरल्या तर पुढे काय, हे मनात येऊन पंतांनी तेथल्या तेथे विडा उचलिला. "तू हात लावायचा नाहीस. मी करतो." बाईंनी त्यांजकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. "तुम्ही? तुम्हाला घरात केरसुणी कुठे असते ते माहीत आहे का?" पंतांस खरोखरच माहीत नव्हते. परंतु मर्द माणूस, मागे हटले नाहीत. बाईंनी मुदत घातली ती ऐसी की, "बारशीच्या दुपारपर्यंत. नाही झालं तर मी बसणार, मग डॉक्टरांना काय सांगायचं ते तुम्ही सांगा."

नवमीस पहिली स्वारी. पंतांनी कोणास न विचारिता मोबाइलवर तीन व्हिडिओ पाहिले, चौथा अर्धा पाहिला आणि सर्व समजले ऐसे मानून कोपऱ्यावरचे दुकानातून ॲसिडची बाटली घेऊन आले. दुकानदाराने शपथ घेऊन सांगितले, "साहेब, ओता आणि बघा." पंतांनी ओतिले आणि पाहिले. फटींतून फेस फसफसोन वर आला तो पाहून पंतांस हर्ष बहुत जाहला की शत्रू पळाला! इतकियात धूर डोळ्यांत गेला, ठसका लागला, आणि आतल्या खोलीतून बाईंचा आवाज आला, "ॲसिड ओतलंत ना? वास आला मला. आधी खिडकी उघडा आणि बाहेर या!" पंत बाहेर आले ते डोळे पुसतच. पुढे पाणी ओतून पाहतात तो काळे तैसेच, आणि जेथे काळे नव्हते तेथील पांढरे सिमेंट मात्र ॲसिडाने खाऊन टाकिले, बोट जाईल ऐसी दोन भगदाडे पडली. शत्रूचे केसास धक्का नाही आणि स्वतःचाच तट ढासळला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. लेखकास त्या दिवशी पंतांची कीव आली, खोटे कशास सांगावे.

आणि आता जे लिहितो ते पंतांचे मोठेपण आहे. ज्या गृहस्थाने चौतीस वर्षे तालुक्याचे तालुके मोजिले, पण घरात कधी कोणास रस्ता विचारिला नाही, तो पलंगापाशी स्टूल ओढून बसला आणि बोलिला, "चुकलं माझं. तू कसं करतेस ते सांग." बाई त्या वेळी दिवाळीच्या वाती वळीत होत्या. हातातील कापूस खाली न ठेविता त्यांनी मसलत सांगितली, ती ऐसी. "आज नुसतं पाणी. ॲसिडचा थेंब राहता कामा नये, बादल्या ओता. उद्या खायचा सोडा पाण्यात कालवायचा, थालीपिठाच्या पिठाएवढा घट्ट, त्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. फटींत भरायचा आणि पाव तास गप्प बसायचं. गप्प बसायचं म्हणजे ब्रश लावायचा नाही, कळलं? मग जुना टूथब्रश, वरून खाली, एकेक फट. आणि जी बुरशी सोड्याला दाद देणार नाही तिला परवा ब्लीच. पण ब्लीच फटीवर ठरत नाही, भिंतीवरून ओघळून जातं, म्हणून या घ्या." ऐसे म्हणून बाईंनी समईकरिता वळिलेल्या वातींतून वीतभर लांबीच्या अकरा वाती मोजून पंतांचे हाती दिल्या. "या ब्लीचमध्ये भिजवून फटीवर चिकटवायच्या. हातमोजे घालून. खिडकी उघडी ठेवून." लेखकाने मोहिमा पुष्कळ ऐकिल्या, परंतु पलंगावर बसोन देवाच्या वाती बुरशीवर पाठविणारी बाई पाहिली नव्हती. धन्य ती बुद्धी!

मग दशमीस पंतांनी धोतर नव्हे, जुनी बर्म्युडा नेसली, उशी प्लास्टिकच्या पिशवीत घालून गुडघ्यांखाली घेतली आणि सोड्याचा लगदा भरून मोर्चे लाविले. पाव तास गप्प बसणे हेच त्यांस सर्वांत कठीण गेले. तीन वेळा ब्रश उचलिला, तीन वेळा बाईंनी आतून विचारिले, "झाला का पाव तास?" पुढे घासावयास लागले. एक फट उजळली की पंत मागे सरून पाहात आणि आपणच आपणास शाबासकी देत, "वा रे पठ्ठे!" आणि पुढील फटीस लागत. दुपारपर्यंत दोन टूथब्रश खलास जाहले, खांदा भरून आला, बोटे उघडझाप करीनात. कन्येचा फोन आला. "बाबा, तुम्ही बाथरूम घासताय? आई बरी आहे ना?" पंत बोलिले, "आई बरी राहावी म्हणूनच घासतोय. ठेव आता, सोडा सुकतोय." एकादशीस वातींची पलटण फटींवर चिकटविली, अर्ध्या तासाने काढिली, आणि अहाहा! जेथे वर्षभराची बुरशी होती तेथे दुधासारखी फट. भगदाडांत पांढरे सिमेंट बोटाने भरिले, ओल्या फडक्याने पुसोन सारखे केले, आणि ते मात्र पंतांनी ऐसे रेषेत भरिले की भूमापन खात्याचे नाव राखिले.

बारशीस दुपारी कुमुदिनीबाई पाहणीस आल्या. दारात वॉकर रोवून उभ्या राहिल्या आणि डोळे बारीक करून एकेक फट तपासिली. पंत भिंतीस टेकून परीक्षेच्या निकालाची वाट पाहावी तैसे उभे. बाई बोलिल्या, "छान झालंय. फक्त तो नळामागचा कोपरा..." आणि बोलता बोलता भिंतीस हात लावून वाकावयास लागल्या! पंत ओरडिले, "कुमुद, खबरदार!" आणि बाईंचा हात खाली पोहोचण्याआधी आपण धपकन खाली बसोन नळामागे ब्रश घातला. तो कोपरा ऐसा की मान वाकडी, हात उलटा, आणि ब्रशाचे टोक तेवढे पोहोचते. घासता घासता पंतांचे हात थांबले. त्यांनी वर न पाहता विचारिले, "हे तू दर दिवाळीला करायचीस?" "मग काय आपोआप व्हायचं?" "आणि मी कुठे असायचो?" "तुम्ही दिवाळी अंक वाचत असायचात. चहा मागायचात मधून मधून." या घरात येऊन त्यांस एकतीस दिवाळ्या जाहल्या होत्या. पंतांनी तो कोपरा उजळेपर्यंत घासिला. मग उठो जातात तो उठवेना, पाय साफ आखडले. तेव्हा बाईंनी वॉकर पुढे सरकविला आणि स्वतः दाराची चौकट घट्ट धरिली, आणि पंत बायकोचे वॉकरास धरोन उभे राहिले. दोघेही हासो लागले. बाईंचे डोळ्यांत पाणी आले ते ब्लीचचे नव्हे, कारण ब्लीच कालच धुवून टाकिले होते.

चतुर्दशीचे पहाटे जावई अभ्यंगस्नान करून बाहेर आले. पंतांनी चहाचा कप पुढे करून मोठ्या उत्कंठेने विचारिले, "काय, कसं वाटलं बाथरूम?" जावईबापू बोलिले, "मस्त, बाबा! गीझर एकदम फास्ट आहे तुमचा." पंतांचा चेहरा पडला. फटींकडे जावयांनी पाहिलेच नव्हते! बाई करंज्यांचे ताट घेऊन खुर्चीत बसल्या होत्या, त्या हलकेच बोलिल्या, "तुम्ही तरी कधी पाहिल्या होत्यात?"

एकंदर वर्तमान ऐसे की गुडघा शाबूत राहिला, फटी उजळल्या, आणि त्या दिवसापासून स्नान करून निघणाराने वायपर मारून पाणी निथळविल्याखेरीज बाहेर पाऊल टाकू नये ऐसा पंतांचा हुकूम न्हाणीघराचे दारावर डकविला आहे, जावयासही माफी नाही. या स्वारीत पंतांनी पराक्रम केला यात शंका नाही. परंतु याआधी त्याच कोपऱ्यावर एकतीस स्वाऱ्या जाहल्या, एकट्या कुमुदिनीबाईंनी केल्या, सर्व फत्ते जाहल्या, आणि त्यांची ओळभर नोंद कोणी ठेविली नाही. ही नोंद पंतांनी समोर बसोन, स्वतःचे तोंडे सांगोन येथे लिहविली.